पाचव्या कार्डातली हडळ

बंद पडलेल्या टॉकीजच्या दारात दुपारी तीन वाजताच एवढी गर्दी होती, की टॉकीज चालू असताना ती झाली असती तर टॉकीज बंदच पडली नसती. पुढच्या ज्या दालनात पूर्वी लोक काचेच्या कपाटांतले सिनेमाचे फोटो बघत उभे राहायचे, तिथे आता लाल पडदे सोडून छायाबाबा बसले होते. समोर पांढरं पसरट तसराळं, त्यात पाणी. आणि त्या पाण्यातून मेलेली माणसं वर येत होती.

अंगापिंडानं नव्हे, फोटोनं. पण रडायला तेवढं पुरत होतं.

"कागद कोरा, माणूस गेला," बाबा म्हणायचे आणि काळ्या कापडाच्या घडीतून कागद काढून गर्दीला एक क्षण दाखवायचे. "पाणी हलेल, माणूस दिसेल. मनात शंका धराल तर आलेला माणूस पायरीवरून परत फिरेल. मग मला बोल लावू नका."

मग कागद पाण्यात जायचा. बाबा डोळे मिटून ओठ हलवायचे. दालनभर नासक्या अंड्यांचा वास सुटायचा आणि लोक नाकाला रुमाल लावायचे.

"हा तिकडचा दर्प," बाबा समजावून सांगायचे. "तिकडे अत्तराची दुकानं नाहीत."

तेवढ्यात कागदावर आधी भुवया, मग डोळे, मग हनुवटी उमटायची. तपकिरी, जुनाट, पण ओळखू येईल अशी. त्या दिवशी शिंप्याची आई आली. शिंपी पन्नाशीचा बाप्या, पण तसराळ्यापाशी मांडी घालून लहान मुलासारखा रडला. बाबांनी सांगितलं, की म्हातारीचा जीव शिलाई यंत्रात अडकलाय, यंत्र इथे आणून द्या, ती सुटेल. शिंप्यानं ते आईच्या हातचं जुनं पितळी नक्षीचं यंत्र हातगाडीवर घालून आणलंसुद्धा. ते पडद्यामागे गेलं. पडद्यामागे टाय बांधलेला एक गृहस्थ वस्तूंना चिठ्ठ्या लावायचा. बाबांच्या भाषेत तो 'मुक्तीचा कारकून' होता.

रांगेत तिसरी उभी होती जिजी. फक्त बघायला म्हणून. तसं तिनं घरी चारदा सांगितलं होतं, आणि जिजी एकच गोष्ट चारदा सांगू लागली की समजावं, काहीतरी पाणी मुरतंय.

जिजीला अख्खी गल्ली तोंडावर जिजी आणि पाठीमागे हायकोर्ट म्हणायची, कारण तिच्या निकालावर अपील नव्हतं. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांची चूक काढली म्हणून घरी बसवलं, असं ती सांगे. खरं म्हणजे धाकटी भावंडं सांभाळायला बसवलं होतं, पण निकाल लागला होता. शेजारणीच्या अंगात यायचं, ते जिजीनं एका बादलीभर गार पाण्यात कायमचं बंद केलं होतं. गंडेदोरेवाल्याला तिनं जिन्यावरून खाली जायला मदत केली होती. पायऱ्या त्याला दिसल्या नाहीत, एवढंच. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," हे तिचं आवडतं वाक्य.

तो जन्मला होता. चांगला चाळिशीचा होता आणि दाढी राखून होता.

जिजीचा नवरा याच टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. साधा, हळू बोलणारा माणूस, पण एक खूळ होतं. जुन्या भयपटांचे फोटो आणि लॉबी कार्डं तो जमवायचा. लॉबी कार्डं म्हणजे त्या काचेच्या कपाटांत लावायची जाड पुठ्ठ्यावरची रंगीत चित्रं, आठ चित्रांचा एक संच. सिनेमा उतरला की लोक ती रद्दीत टाकायचे आणि हा माणूस रद्दीतून काढून घरी आणायचा. पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत, अंगभर केस उगवलेला डॉक्टर, शवपेटीतून उठणारा सरदार, कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत पातळ कागद घालून ठेवलेलं. एका कार्डात प्रेताच्या मनगटावर घड्याळ राहून गेलं होतं. ते दाखवून तो दर वेळी म्हणे, "बघ, भूत वेळेवर येतं." जिजी दर वेळी म्हणे, "तुम्ही जेवायला कधी येणार ते बघा."

तर रांग पुढे सरकली. आठ दिवसांपूर्वी नियमाप्रमाणे जिजीनं नवऱ्याचा फोटो बाबांकडे 'ध्यानासाठी' दिला होता. तिच्या पाकिटात राहून एक कोपरा दुमडलेला, तिथे पांढरी रेघ पडलेली. आज बाबांनी कोरा कागद पाण्यात सोडला.

वास आला. बाकीच्यांनी नाकं दाबली. जिजीनं मात्र श्वास आत ओढला आणि तसराळ्यापाशी गुडघे टेकले.

हा तिकडचा दर्प नव्हता. हा तिच्या माणसाच्या हातांचा वास होता. तीस वर्षं ती ज्यावरून भांडली, "आधी हात धुऊन या, मग ताटावर बसा" असं रोज ओरडली, तो वास. आणि पाण्यात हळूहळू तो हसत होता, नेहमीसारखा, चुकून हसल्यासारखा.

"आलेत," बाबा म्हणाले, "पण सुटका नाही. एक बाई आडवी आली आहे. पांढऱ्या कपड्यातली, केस सोडलेली, हातात कंदील. अवदसा आहे. नाक पोपटासारखं, नजर खाऊ का गिळू. ट्रंकेतल्या आठ चित्रांच्या संचातलं पाचवं चित्र. ती हडळ त्यांना धरून बसलीय. येत्या रविवारी सकाळी सगळी ट्रंक इथे आणा. एकही चित्र मागे ठेवू नका."

जिजी एक शब्द बोलली नाही. गल्लीत ही बातमी बाबांच्या चमत्काराहून जास्त वेगानं पसरली.

कारण पाचव्या कार्डातली हडळ ती स्वतः होती.

ही गोष्ट ती आणि तो, दोघांनाच ठाऊक होती. त्या एका सिनेमाचा संच सात कार्डांचाच मिळाला होता. पाचवं जगात कुणाकडेच नव्हतं आणि ते नव्हतं म्हणून तिच्या नवऱ्याला धड झोप नव्हती. शेवटी एका दुपारी त्यानं तिला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर उभं केलं, पलंगावरची चादर गुंडाळली, केस सोडायला लावले, हातात कंदील दिला. आत गॅसवर दूध होतं. "जरा भयंकर बघ," तो म्हणाला. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा आवाज झाला आणि जिजीनं जे बघितलं, तेवढं भयंकर बाकीच्या सात कार्डांत मिळून कुणी बघितलेलं नव्हतं. मग त्यानं तो फोटो मोठा केला, तपकिरी केला, वर हातानं रंग भरले आणि संचात पाचवा म्हणून ठेवला.

आता बाबांना ते दिसलं म्हणजे बाबा खरे. आणि बाबा खरे म्हणजे जिजीनंच आपल्या माणसाला धरून ठेवलंय, इथेही आणि तिथेही. जन्मभर टोचून बोलली, त्याच्या भुतांना 'कचरा' म्हणाली, हात धुवायला लावले. ती घरी आली ती तोंड पाडून.

"ट्रंक द्यायची," तिनं निकाल सांगितला.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. जिजीच्या मते हा सुनेतला एकमेव दोष होता, बाकीचे स्वभावाचे होते.

"जिजी, ट्रंक तुमची आहे, द्या," सून म्हणाली. "मला तो उमटलेला फोटो तरी बघू दे."

जिजीनं पाकिटातून काढून दिला. सुनेनं तो खिडकीपाशी नेला.

"मामंजी परलोकातून आले ते कोपऱ्याच्या घडीसकट कसे आले?"

"म्हणजे?"

"तुम्ही दिलेल्या फोटोला दुमडल्याची रेघ होती ना, तीच रेघ इथेही आहे. कागद दुमडलेला नाही, पण रेघेचा फोटो आलाय."

"तिकडेही घडी घालूनच बसला असेल. गरीब माणूस होता," जिजी म्हणाली. पण म्हणताना तिचं तिलाच ते पचलं नाही.

"आणि हडळीला नावं काय काय ठेवली त्यांनी?"

"अवदसा. पोपटाच्या नाकाची. खाऊ का गिळू."

सुनेनं वर बघितलं. तिनं ते कार्ड लग्नानंतर एकदा पाहिलं होतं आणि शहाण्या मुलीसारखी तेव्हा गप्प बसली होती.

"जिजी, एक विचारू, रागावू नका. ती हडळ तुम्ही आहात ना?"

जिजीनं उत्तर दिलं नाही. हायकोर्टात याला कबुली धरतात.

"मग बाबांना सगळं दिसतं, तर ती बाई समोर बसलीय हे कसं नाही दिसलं? दिसलं असतं, तर तुमच्या तोंडावर तुम्हाला अवदसा म्हणायची हिंमत झाली असती का त्यांची? आपल्यात कुणाची झाली आहे?"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. जिजीनं गल्लीतली सगळी माणसं मनात ओळीनं उभी केली. एकाचीही नव्हती.

"पण पाचवं कार्ड कळलं कसं?"

"टॉकीज बंद झाली त्या आठवड्यात मामंजींनी सगळे संच त्याच दालनात काचेच्या कपाटांत लावले होते. अख्ख्या गावानं बघितले. तुम्ही गेला नव्हता."

"कचरा बघायला कशाला जायचं," जिजी सवयीनं म्हणाली.

"आता वासाचं मला सांगता येणार नाही," सून म्हणाली. "ते तुमचं खातं. मामंजींच्या हातांना तो कशानं यायचा?"

जिजीला ते आठवेना. तीस वर्षं ती वासाशी भांडली होती, त्याचं कारण कधी विचारलंच नव्हतं. भांडणात कारण विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हती.

शनिवारी दुपारी ती ट्रंक आवरायला बसली. द्यायची तरी नीट द्यावी म्हणून. एकेक कार्ड फडक्यानं पुसलं. घड्याळवालं प्रेत आलं. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या निघाल्या, एकीत लाल खडे, दुसरीत मळकट पिवळे. दुसरीचं बूच तिनं फिरवलं मात्र, आणि खोलीत तिचा नवरा येऊन उभा राहिला.

क्षणभर तिनं दाराकडे बघितलंसुद्धा. हे तिनं पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं, तेव्हा निदान इथे लपवण्यात अर्थ नाही. तिनं दाराकडे बघितलं, मग बाटलीकडे बघितलं, मग पुन्हा वास घेतला. नासकी अंडी.

"अगं ए," तिनं हाक मारली, "इकडे ये. तुझा सासरा बाटलीत सापडलाय."

मग सगळं धडाधड आठवलं. नवा काळा-पांढरा फोटो जुनाट तपकिरी दिसावा म्हणून तो आधी लाल खड्यांच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायचा. त्यात फोटो जवळजवळ नाहीसाच व्हायचा, फिकट पिवळा डाग तेवढा उरायचा. मग तो कागद ती धुवायची. हो, तीच. शंभरदा. बादलीत, बडबडत. आणि मग दुसऱ्या, घाणेरड्या वासाच्या पाण्यात घातला की चित्र परत यायचं, तपकिरी होऊन. शंभर वेळा मेलेले फोटो तिनं स्वतःच्या हातानं धुऊन जिवंत होताना पाहिले होते. आणि एकशेएकाव्या वेळी दाढीवाल्यानं केलं तर गुडघे टेकले.

"नाकानं कांदे सोलत होते जन्मभर," ती म्हणाली, "आणि नाकासमोर होतं ते कळलं नाही."

"म्हणून काळं कापड आणि लाल पडदे," सून म्हणाली. "उजेडात तो पिवळा डाग दिसेल, आणि उजेड लागला की कागद काळवंडतही असेल. आठ दिवसांत बाबा तुमच्या फोटोवरून दुसरा फोटो काढतात आणि तो पुसून ठेवतात. रेघेसकट."

ट्रंकेत हडळीच्या फोटोची एक साधी काळी-पांढरी प्रतही होती, रंग न भरलेली. जिजीनं ती उचलली.

"मीठ आण," ती म्हणाली. "आणि खिडक्या उघड्या ठेव. हे विषारी असतं, तो मला उगाच नाही लांब बसवायचा."

रविवारी सकाळी टॉकीजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हायकोर्ट शरण येतंय म्हटल्यावर जे बाबांना मानत नव्हते तेही आले होते. ट्रंक पुढे ठेवली गेली. टायवाला पडद्यामागून निघालाच, ट्रंकेवर वाकला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पाचवं कार्ड आहे ना यात?"

"आहे की," जिजी म्हणाली. "मुक्तीच्या कारकुनाला एवढी घाई? बाबा, देण्याआधी एक विनंती आहे. त्या हडळीला एकदा बोलवा. तोंडावर चार शब्द बोलते तिला."

"ती साधी नाही, बाई. तिच्यासाठी वेगळी साधना—"

"कागद मी आणलाय." जिजीनं काळ्या कापडाची घडी उलगडली. "कोरा. माझ्या अक्कलेसारखा."

बाबा काही म्हणायच्या आत तिनं तो तसराळ्यात सोडला. बाबांच्याच तसराळ्यात, बाबांच्याच पाण्यात. वास आला. आधी केस उमटले, मग कंदील, मग ते डोळे. पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागच्या रांगेवर पडल्या.

"हडळ," शिंपी कुजबुजला.

जिजीनं अंबाड्याची पिन काढली. पांढरे केस खांद्यावर सोडले. पाण्यातला कागद उचलून आपल्या गालाला लावून धरला आणि दूध उतू गेल्यासारखं बघितलं.

"नीट बघा," ती म्हणाली. "नाक कुणाचं आहे?"

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू कुणाच्या बापाला आवरेना.

"ही मेलेली नाही. गुडघे दुखतात, पण आहे जिवंत. बाबांनी मागच्या खेपेला हिला हिच्या तोंडावर अवदसा म्हटलं, तेही मी ऐकून घेतलं. का, तर मला वास आला. माझ्या माणसाचा वास. तो या औषधाचा वास होता. फोटो तपकिरी करायचं औषध. कागद कोरा नसतो, पुसलेला असतो. तुमचाच फोटो आठ दिवस ठेवून घेतात, त्याचा दुसरा फोटो काढतात, तो पुसतात, आणि या पाण्यात परत आणतात. हे काम मी घरात शंभरदा केलंय, आणि तरी रडले. तेव्हा तुम्ही रडलात त्याची लाज नको वाटून घेऊ. लाजेची सगळी वाटणी माझ्याकडे."

"पाण्यात शक्ती आहे म्हणूनच हिचा कागद बोलला," बाबा घाईनं म्हणाले. "हिला समजत नाही."

"मग हाही बोलू दे," सून म्हणाली. तिनं शिंप्याकडे एक करकरीत फोटोचा कागद दिला, फोटोच्या दुकानातून आणलेला, ज्यावर कधीच काही नव्हतं. "काका, तुम्हीच टाका. बाबा, यांच्या वडिलांना बोलवा. त्यांचा एकही फोटो कधी कुणी काढला नव्हता."

शिंप्यानं कागद सोडला. सगळे वाकून बघत होते. कागद ओला झाला. एवढंच झालं.

"इथे अश्रद्ध माणसं आहेत," बाबा म्हणाले.

"मघाशीही होती," जिजी म्हणाली. "मी तर उमटलेसुद्धा."

शिंपी उठला. बाबांकडे न बघता सरळ पडद्यामागे गेला आणि आईचं यंत्र उचलून बाहेर आला, चिठ्ठीसकट. मग एकेक जण गेला. कुणी घड्याळ आणलं, कुणी रेडिओ, कुणी आजोबांची चष्म्याची डबी. टायवाला तोवर मागच्या दारानं पसार झाला होता. त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान कुठे आहे ते नंतर कळलं. बाबांना जिन्यावरून खाली जायला मदत करायची जिजीची फार इच्छा होती, पण टॉकीजला जिना बाल्कनीचा होता आणि बाबा आधीच दारात होते. तिथे पोलीस चौकीतला हवालदार उभा होता. त्याची आत्याही मागच्या आठवड्यात पाण्यातून वर आली होती.

दुसऱ्या दिवशी एका माणसाचा निरोप आला, की त्या दुर्मीळ पाचव्या कार्डासाठी तुम्ही मागाल ते देऊ, असं कार्ड आजवर कुणाच्या संग्रहात दिसलेलं नाही. जिजी इतकी हसली, की सुनेनं पाणी आणून दिलं.

"दिसणार कसं," ती म्हणाली. "ते आमच्या धुण्याच्या दगडावर जन्मलंय."

तिनं ते विकलं नाही. टॉकीजच्या मालकाकडून काचेच्या एका कपाटाची किल्ली मागून आणली आणि आठही कार्डं त्यात लावली, कोपऱ्यांतल्या जुन्याच भोकांत टाचण्या घालून. लावताना ती बराच वेळ पाचव्यापाशी थांबली. कोण कुणाला धरून बसलं होतं, या प्रश्नावर हायकोर्टानं निकाल राखून ठेवला. पण घरी येऊन हात धुताना तिनं बोटांचा वास घेतला आणि त्या दिवशी ते नुसत्याच पाण्यानं धुतले.

कपाटाखाली लावायला तिनं सुनेकडून एक पाटी लिहून घेतली. स्वतःच्या अक्षरावर तिचा फार विश्वास नव्हता.

"गेलेलं माणूस परत येत नाही. आलंच, तर रडायच्या आधी आठवा, त्याचा फोटो तुम्ही कुणाकडे दिला होता. वास आला तर बाटली शोधा. आणि मला कुणी फसवू शकत नाही असं वाटत असेल, तर वरचं पाच नंबरचं चित्र बघा. तिलाही तसंच वाटायचं."